रंग जातो कुठे?

पंचतंत्रातला निळा कोल्हा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. कुत्री मागे लागली म्हणून तो एका रंगाऱ्याच्या घरात शिरला, निळीच्या पिंपात पडला आणि बाहेर आला तो निळा होऊनच. ही गोष्ट शतकानुशतके सांगितली जात आहे. २०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यात मात्र ती उलटी घडली. नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत काही भटकी कुत्रीच निळी झालेली लोकांनी पाहिली. छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली, ओरड झाली, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिथल्या एका कारखान्यावर बंदची कारवाई केली.

कुत्री निळी झाली म्हणून सर्वांचे लक्ष गेले. रंग नदीत जातो तेव्हा तितके लक्ष जात नाही, कारण पाणी पुढे वाहून जाते आणि चार-सहा मैलांवर रंग दिसेनासा होतो. रंग दिसेनासा झाला म्हणजे पाणी स्वच्छ झाले, असे आपण धरून चालतो. वर्गातली मुलेही असेच म्हणतात. पण रंग गेला, तो गेला कुठे? हा साधा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांनाही नीट विचारायला बराच काळ लागला. रंगीत पाण्यातला रंग काढण्यासाठी निसर्गात सापडणाऱ्या खनिजांचा उपयोग कसकसा होत गेला, याचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. तोच इथे थोडक्यात सांगायचा आहे.

न विटणारे रंग

१८५६ च्या ईस्टरच्या सुटीत विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी लंडनमध्ये घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवण्याच्या खटपटीत होता. क्विनीन काही बनले नाही, पण एका काळ्या गाळातून त्याला सुंदर जांभळा रंग मिळाला. हाच मॉव्ह. डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून तयार झालेला, व्यापारी यश मिळवणारा हा पहिला कृत्रिम रंग. पुढच्याच वर्षी पर्किनने ग्रीनफर्ड येथे एका कालव्याच्या काठी कारखाना काढला. त्या आठवड्यात कारखान्यात कोणता रंग बनत आहे हे कालव्याच्या पाण्याकडे पाहून कळे, असे सांगतात. म्हणजे कृत्रिम रंगांचा उद्योग आणि रंगीत सांडपाणी यांचा जन्म जवळजवळ बरोबरच झाला.

१८५८ मध्ये पीटर ग्रीस याने डायझो संयुगांचा शोध लावला. त्यातून पुढे ॲझो रंगांचे प्रचंड कुटुंब निर्माण झाले. दोन नायट्रोजन अणू दुहेरी बंधाने जोडलेले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बेंझीनसारखी वलये, अशी या रंगांच्या रेणूची रचना असते. १८८४ मध्ये आलेला काँगो रेड हा त्यांपैकीच. सुताला आधी तुरटीसारखे बंधक द्रव्य न लावताही तो थेट बसत असे. आज जगात वापरल्या जाणाऱ्या रंगद्रव्यांपैकी निम्म्याहून अधिक रंग ॲझो कुळातले आहेत.

१९५६ मध्ये, म्हणजे मॉव्हला शंभर वर्षे होत असताना, आणखी एक महत्त्वाचा प्रकार बाजारात आला. हे रंग कापसाच्या सेल्युलोजशी रासायनिक बंधच जोडतात. म्हणून त्यांना रिॲक्टिव्ह म्हणजे क्रियाशील रंग म्हणतात. सुती कापड धुतले तरी रंग उतरत नाही तो यामुळे. पण रंगाचा जो रेणू कापडाऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून बसतो, तो कापडाला पुन्हा चिकटत नाही. रंग आणि पद्धत यांनुसार दहा टक्क्यांपासून तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत रंग असा वाया जाऊन सांडपाण्यात उतरतो. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम रंग असला तरी तो अनेकदा डोळ्यांना दिसतो. मग इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी यांसारख्या कापडगावांतल्या शिक्षकांना रंगीत सांडपाणी म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगायला नको.

यातली खरी अडचण अशी आहे. चांगला रंग कोणता? जो उन्हाने विटत नाही, साबणाने निघत नाही, घामाने उतरत नाही तो. रंगशास्त्रज्ञांनी शंभर-दीडशे वर्षे खपून हेच गुण रंगात आणले. नदीतही ऊन असते, साबण असतो आणि जिवाणू असतात. कापडावर न विटणारा रंग नदीत तरी कसा विटावा? ज्या गुणासाठी आपण पैसे मोजतो, तोच गुण पाण्यात आपल्या मुळावर येतो.

आणि विटला तरी धोका संपतोच असे नाही. ऑक्सिजन नसलेल्या गाळात काही जिवाणू ॲझो बंध तोडतात. रंग जातो, पण मागे ॲरोमॅटिक अमाइन म्हणजे ॲनिलिनच्या जातीची द्रव्ये उरतात. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग आढळल्याचे प्रसिद्ध केले. पुढे बेंझिडीन आणि नॅफ्थिलअमाइन ही नावे या संदर्भात कुप्रसिद्ध झाली. अशी घातक अमाइन देऊ शकणाऱ्या ॲझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये बंधने आणली. भारतानेही त्याच दशकात अशा रंगांवर बंदी घातली.

काचवाल्यांचा साबण

खनिज वापरून रंग घालवण्याची कल्पना मात्र कृत्रिम रंगांपेक्षा फार जुनी आहे. वाळूत थोडे लोखंड असतेच. त्यामुळे काचेला हिरवट झाक येते. रोमन काळापासून काच बनवणारे कारागीर वितळलेल्या काचेत एक काळे खनिज टाकून ही झाक घालवत. ते खनिज म्हणजे मँगेनीज डायऑक्साइड. त्याला ‘काचवाल्यांचा साबण’ असेच म्हणत. १८२७ मध्ये हायडिंगर याने या खनिजाला पायरोल्युसाइट हे नाव दिले तेही ग्रीक भाषेतल्या ‘अग्नी’ आणि ‘धुणे’ या दोन शब्दांवरून. आपल्याकडे नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मँगेनीजच्या खाणी आहेत, तिथे हे खनिज विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येईल.

१७७४ मध्ये स्वीडनमधील औषधविक्रेता कार्ल शेले याने हेच पायरोल्युसाइट मीठाच्या आम्लाबरोबर म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर तापवले. त्यातून पिवळट हिरवा, घुसमटवणारा वायू निघाला. या वायूने लिटमसचा आणि फुलांचा रंग जातो, हे शेलेने नोंदवून ठेवले. तो वायू म्हणजे क्लोरीन. हे नाव त्याला डेव्हीने १८१० मध्ये दिले. १७८५ मध्ये फ्रान्समध्ये बर्थोले याने क्लोरीनने कापड शुभ्र करता येते हे दाखवले. त्याआधी कापड शुभ्र करायचे म्हणजे कित्येक आठवडे गवतावर उन्हात पसरून ठेवावे लागे. १७९९ मध्ये टेनंटने विरंजक चूर्णाचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले आणि हे काम कारखान्यात आले.

रंगीत सांडपाण्यावर क्लोरीन हा मग साहजिकच सुचणारा उपाय होता, आणि तो अनेक ठिकाणी वापरलाही गेला. रंग जातो हे खरे. पण १९७४ मध्ये नेदरलँड्समधील रसायनशास्त्रज्ञ योहान्नेस रूक यांनी दाखवून दिले, की नदीच्या पाण्यातील नैसर्गिक सेंद्रिय द्रव्यांवर क्लोरीनची क्रिया होऊन क्लोरोफॉर्म तयार होतो. पानांच्या कुजण्यातून आलेल्या द्रव्यांची ही गत, तर बेंझीनची वलये असलेल्या रंगांची काय होणार? रंग जातो, पण क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये मागे राहतात. ‘रंग जातो कुठे?’ या प्रश्नाचे हे एक अस्वस्थ करणारे उत्तर होते.

हिराकशीचे दोन अवतार

दुसरे जुने खनिजद्रव्य म्हणजे हिराकस, अर्थात फेरस सल्फेट. पायराइट हे लोखंड आणि गंधक यांचे, सोन्यासारखे चमकून फसवणारे खनिज. ते उघड्या हवेत, पावसापाण्यात पडून राहिले की हळूहळू त्याचे हिराकस आणि गंधकाम्ल बनते. युरोपात हिराकस असेच, पायराइटचे ढीग हवेत ठेवून मिळवत असत.

रंगाऱ्यांचे हिराकशीवाचून चालत नसे. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातली की काळा रंग मिळतो, हे आपल्याकडच्या रंगाऱ्यांना पूर्वापार माहीत आहे. निळीच्या बाबतीत मात्र ती उलटे काम करी. नीळ पाण्यात विरघळत नाही. पण हिराकस आणि चुना यांच्या पिंपात घातली की तिचे क्षपण होते, म्हणजे ती हायड्रोजन घेते, निळा रंग जातो आणि ती विरघळते. या पिवळसर पाण्यात कापड बुडवून हवेत धरले की हवेतला ऑक्सिजन तिला पुन्हा निळी करतो. अठराव्या शतकापासून युरोपातील रंगारी अशी पिंपे वापरत होते.

इथे शिक्षकांनी क्षणभर थांबावे असे मला वाटते. पिंपात निळीचा रंग गेला, पण नीळ कुठेही गेली नव्हती. तिचा रेणू जवळजवळ होता तसाच राहिला. हायड्रोजनचे दोन अणू जोडले गेले एवढेच. रंग जाणे आणि रंगद्रव्य नष्ट होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे रंगाऱ्याला पक्के ठाऊक होते, कारण त्याचे पोट त्यावरच होते. सांडपाण्याचे शास्त्र लिहिणाऱ्या आम्हा लोकांना ते कधी कधी विसरायला होते.

हिराकशीचा दुसरा अवतार याच्या अगदी उलट आहे. तो समजून घेण्यासाठी केंब्रिजला जायला हवे.

फेंटनची जांभळी नळी

१८७६ मध्ये हेन्री फेंटन हा बावीस वर्षांचा तरुण केंब्रिजमध्ये शिकत होता. त्याच्या एका सहाध्यायाने काही रसायने सहज एकत्र मिसळली आणि परीक्षानळीत गडद जांभळा रंग आला, असे सांगतात. फेंटनने शोध घेतला. नळीत टार्टारिक आम्ल (चिंचेत असते ते), फेरस क्षार, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखा ऑक्सिडीकारक आणि शेवटी अल्क असले की हा रंग येतो. त्याने एक छोटे पत्र छापून टार्टारिक आम्ल ओळखण्याची कसोटी म्हणून ही अभिक्रिया सुचवली. सविस्तर निबंध आला तो १८९४ मध्ये. त्यात त्याने दाखवले, की लोह अगदी थोडे असले तरी पुरते. ते उत्प्रेरकासारखे काम करते.

गंमत अशी, की आज जगभर रंग घालवण्यासाठी वापरली जाणारी ‘फेंटन अभिक्रिया’ प्रथम लक्षात आली ती रंग निर्माण झाला म्हणून! रंगीत पाण्याचा विचार फेंटनच्या मनातही नव्हता.

या नळीत नेमके काय घडते, हे कळायला आणखी चाळीस वर्षे गेली. अमोनियाच्या निर्मितीबद्दल प्रसिद्ध आणि पहिल्या महायुद्धातील विषारी वायूंबद्दल कुप्रसिद्ध असलेले फ्रिट्झ हाबर आयुष्याच्या अखेरीस या प्रश्नाकडे वळले. नाझी राजवटीमुळे १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली. त्यांचे तरुण सहकारी जोसेफ वाइस हेही केंब्रिजला आले. जानेवारी १९३४ मध्ये बाझल येथे हाबर यांचा मृत्यू झाला. दोघांच्या नावाचा विस्तृत निबंध त्यानंतर, त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेत हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो, हा त्यातला गाभा.

हा मूलक म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन, आणि जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन. तो इलेक्ट्रॉनसाठी हपापलेला असतो. त्याची ऑक्सिडीकरणाची क्षमता सुमारे २.८ व्होल्ट आहे, क्लोरीनची १.३६. नेहमीच्या ऑक्सिडीकारकांत फ्लोरीन सोडले तर त्याच्या वर कोणी नाही. तो बेंझीनच्या वलयाला चिकटतो, ॲझो बंधाच्या शेजारी घाव घालतो, आणि क्रिया पुढे चालू राहिली तर वलय फुटून लहान आम्ले आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी बनते. निळीच्या पिंपात हिराकस इलेक्ट्रॉन देऊन रंग झाकत होती. पेरॉक्साइडच्या सोबतीने तीच हिराकस रंगाच्या रेणूचे तुकडे करते.

१९६४ मध्ये आयझेनहॉवर नावाच्या संशोधकाने फिनॉलयुक्त सांडपाण्यावर ही अभिक्रिया वापरून पाहिली. तिथून पुढे ती पाणीशुद्धीकरणाच्या साहित्यात रुळली. पण दोन अडचणी लगेच दिसल्या. एक म्हणजे पाण्याचा सामू ३ च्या आसपास आणावा लागतो. तो ४ च्या वर गेला की लोह गंजासारखे होऊन खाली बसते. दुसरी याच्याच पोटातली: शेवटी पाणी उदासीन करताना सारे लोह तांबूस गाळ होऊन बसते. पाण्याचा प्रश्न सुटतो आणि गाळाचा प्रश्न उभा राहतो.

दगडातले लोखंड

लोह पाण्यात न विरघळवता दगडाच्या पृष्ठभागावरच ठेवले तर? हा विचार जोर धरू लागला तो १९९० च्या सुमारास, आणि तोही पाण्याच्या नव्हे, मातीच्या निमित्ताने. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातील रिचर्ड वॉट्स आणि त्यांचे सहकारी दूषित माती पेरॉक्साइडने शुद्ध करण्याचे प्रयोग करत होते. बाहेरून लोहक्षार न घालताही काही मातीत काम होत असल्याचे त्यांना आढळले. मातीतली लोहखनिजेच उत्प्रेरक बनली होती.

त्यानंतर एकेक खनिज तपासले गेले. त्यांतली तीन आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत.

पहिले गोएथाइट. गंजाच्या पिवळ्या-तपकिरी रंगाचे हे खनिज. कवी ग्योथे याच्या सन्मानार्थ १८०६ मध्ये त्याला हे नाव मिळाले. पुढे चारच वर्षांनी ग्योथेने रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला, हा योगायोग. कोकणात घरे बांधतात त्या जांभ्या दगडात गोएथाइट आणि हेमाटाइट ही दोन्ही खनिजे असतात. गोएथाइट स्वस्त आणि विपुल आहे, पण त्यातले लोह फेरिक अवस्थेत असल्याने अभिक्रिया संथ चालते.

दुसरे मॅग्नेटाइट. याच्यातील लोहापैकी एक तृतीयांश फेरस आणि दोन तृतीयांश फेरिक असते. फेरसमुळे मूलक लवकर तयार होतात, आणि काम झाल्यावर चुंबकाने सारी पूड उचलून घेता येते.

तिसरे पायराइट. हे पाण्यात पडले की थोडे थोडे फेरस लोह सोडते आणि पाणी स्वतःच आम्लधर्मी करते. म्हणजे वेगळे आम्ल घालावे लागत नाही. पण हाच त्याचा दोषही आहे. खाणींतून झिरपणारे आम्लयुक्त पाणी याच क्रियेने बनते, आणि पायराइटमध्ये अनेकदा आर्सेनिकही दडलेले असते. नैसर्गिक खनिज म्हणजे निरुपद्रवी, असे समजण्याचे कारण नाही.

हायड्रॉक्सिल मूलकाचे आयुष्य सेकंदाच्या काही अब्जांश भागाएवढेच असते. तेवढ्यात तो काही रेणूंच्या अंतरापलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून तो जिथे जन्मतो तिथेच रंगाचा रेणू असला पाहिजे. खनिजाची पूड बारीक असावी लागते, पृष्ठभाग रंगाला जवळ करणारा असावा लागतो, आणि खनिजातून थोडे लोह सुटून पाण्यात येत असेल तर श्रेय दगडाचे की विरघळलेल्या लोहाचे, हेही पाहावे लागते.

लोहाखेरीज आणखी दोन खनिजांचा उल्लेख करायला हवा. मँगेनीज डायऑक्साइडला पेरॉक्साइडची गरजच नाही. ते स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. १९९० मध्ये लाहा आणि ल्यूथी यांनी ते ॲनिलिनचे ऑक्सिडीकरण करते असे दाखवले. पण तयार झालेल्या द्रव्यांत ॲझोबेंझीनही होते! म्हणजे ॲझो रंग तोडून मिळालेल्या अमाइनपासून पुन्हा ॲझो बंध जुळू शकतो. दुसरे म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी रुटाइलच्या स्फटिकावर जंबुपार प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करून दाखवले, आणि प्रकाशाच्या साहाय्याने प्रदूषके तोडण्याच्या संशोधनाची त्यातून सुरुवात झाली. लोह आणि टायटॅनियम या दोघांचे खनिज इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूत मिळते. केरळातील चवरा येथे तर त्याचे मोठे साठे आहेत.

रंग तुटला, पुढे काय?

आता एक कबुली द्यायला हवी. आम्हीही प्रयोगशाळेत अशा खनिजांवर काम केले. ऊर्ध्वपातित पाण्यात एकच शुद्ध रंग विरघळवला, खनिजाची पूड आणि पेरॉक्साइड घातले, आणि तासाभरात रंगमापकाचा काटा शून्याला टेकला. सर्वांना आनंद झाला. नंतर त्याच पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजला, तेव्हा तो बराचसा जागच्या जागी होता. रंगाचा रेणू मधोमध तुटला होता. तुकडे पाण्यातच होते. डोळ्यांना आणि रंगमापकाला ते दिसत नव्हते इतकेच.

या विषयावर गेल्या तीसेक वर्षांत निबंधांचा पाऊस पडला आहे. ते वाचताना मी प्रथम हेच पाहतो: फक्त रंग मोजला आहे, की सेंद्रिय कार्बन आणि सजीवांवरील परिणामही? पेरॉक्साइड न घालता नुसत्या खनिजाची नळी ठेवली होती का? कारण रंग खनिजाला नुसता चिकटूनही बसू शकतो. आणि पाणी ऊर्ध्वपातित होते, की कारखान्याच्या गटारातले?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. रंगाच्या पिंपातून येणाऱ्या पाण्यात रंग थोडाच असतो. क्रियाशील रंगांच्या पाण्यात दर लिटरला पन्नास ते ऐंशी ग्रॅमपर्यंत मीठ असू शकते. शिवाय धुण्याचा सोडा, सुताची खळ, साबण. हायड्रॉक्सिल मूलक रंग ओळखून त्याच्याकडे जात नाही. तो समोर येईल त्यावर तुटून पडतो. क्लोराइड आणि कार्बोनेट त्याला वाटेतच खाऊन टाकतात. सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी असते, तेव्हा आम्लही भरपूर लागते. शिवाय पेरॉक्साइड विकत घ्यावे लागते. खनिज फुकट असले तरी क्रिया फुकट होत नाही.

तमिळनाडूतील तिरुप्पूरचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तिथल्या रंगकारखान्यांचे पाणी नोय्यल नदीत जाई. नदीवरच्या ओरत्तुपाळयम धरणात १९९० च्या दशकात तेच साठले आणि खालच्या शेतकऱ्यांना धरणाचे पाणी नकोसे झाले. तिथे केवळ रंग हा प्रश्न नव्हता, मीठ हाही होता, आणि ते कोणत्याही खनिजाने तुटत नाही. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांडपाणी अजिबात बाहेर न सोडण्याची अट न पाळणारे शेकडो कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. हजारो हातांचे काम थांबले. पुढे पाणी गाळून, आटवून, मीठासह पुन्हा वापरण्याची यंत्रणा उभी राहिली आणि कारखाने टप्प्याटप्प्याने सुरू झाले.

मग खनिजांचा उपयोग काय? माझ्या मते, एका टप्प्यापुरता, पण खरा. जिवाणूंना न पचणारा रेणू खनिजाने अर्धवट तोडला, तर पुढचे तुकडे जिवाणू खाऊ शकतात. सारे काम दगडावर न सोपवता जिवाणू आणि दगड यांच्यात ते वाटून दिले, तर खर्चही कमी होतो. मात्र त्यासाठी रंग कमी पडलेल्या पिंपावरच, म्हणजे शेवटच्या धुण्याच्या पाण्यावर, प्रयोग करून पाहावे लागतील.

वर्गात करून पाहण्यासारखे

या साऱ्याचा गाभा तीन काचपात्रांत दाखवता येतो. तिन्हीत मिथिलीन ब्ल्यूचे फिकट निळे पाणी घ्यावे, प्रत्येकी १०० मिलिलिटर.

पहिल्यात चमचाभर मुलतानी माती टाकून ढवळावे आणि निवळू द्यावे. पाणी जवळजवळ रंगहीन होईल, तळाची माती निळी. रंग चिकटला आहे, नष्ट झालेला नाही.

दुसऱ्यात शिक्षकांनी स्वतः अडीच ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि तितकेच ग्लुकोज विरघळवावे. हे मिश्रण बाटलीत भरून घट्ट बूच लावावे. थोड्या वेळाने निळा रंग जाईल. बाटली हलवली की तो परत येईल. रंग लपला होता. कॉस्टिक सोडा त्वचेला आणि डोळ्यांना घातक असतो. चष्मा आणि हातमोजे वापरावेत, मुलांच्या हाती तो देऊ नये.

तिसऱ्यात चिमूटभर हिराकस, विरल गंधकाम्लाचे दोन-चार थेंब आणि औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड पाच मिलिलिटर घालावे. शेजारी हिराकस न घातलेले एक पात्र तुलनेसाठी ठेवावे. हिराकशीच्या पात्रातला निळा रंग जाईल आणि हलवूनही परत येणार नाही. मग त्यात चुन्याची निवळी घालावी; तांबूस गाळ खाली बसताना दिसेल. फेंटनच्या पद्धतीतली अडचण मुलांना डोळ्यांनी पाहता येईल.

उत्साही विद्यार्थ्यांनी हिराकशीऐवजी नदीच्या वाळूतून चुंबकाने वेचलेली काळी पूड वापरून पाहावी. तीत मॅग्नेटाइटच्या जातीची खनिजे असतात. रंग फार हळू उतरेल. कदाचित उतरणारही नाही. तसे झाले तर वही मिटू नये. पूड जाड होती का, पाणी पुरेसे आम्लधर्मी होते का, पेरॉक्साइड जुने होते का, हे शोधत जाणे हाच प्रयोग. आणि रंग उतरलाच, तर पेरॉक्साइडशिवाय नुसत्या पुडीनेही तो उतरतो का, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

प्रयोग संपल्यावर मुलांना तिन्ही पात्रे दाखवून ‘रंग गेला कुठे?’ असे विचारावे. पहिल्याचे उत्तर ती लगेच देतील, दुसऱ्याचे थोड्या विचाराने. तिसऱ्या पात्राबद्दल बहुतेक मुले ‘रंग तुटला’ म्हणून थांबतील. त्या वेळी एखाद्या मुलीने किंवा मुलाने ‘तुटून त्याचे काय झाले?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर वर्गात नसेल. ते देण्यासाठी कार्बन मोजावा लागेल. पण १७७४ पासून चालत आलेल्या या कामात नेमका तोच प्रश्न उशिरा विचारला गेला, हे त्या मुलाला जरूर सांगावे.